जहाजावर इंग्रजी ‘येणं’ म्हणजे नक्की किती येणं?

मनोहर_गुहागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बोटीवरचे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम विचारतो.

माझा भाचा जीपी रेटिंगच्या (जहाजावरच्या साध्या खलाशाच्या) कोर्सला जायचं म्हणतोय. पोरगा अंगमेहनतीला मागे हटत नाही, वेल्डिंग-फिटिंगचं काम येतं, लहानपणापासून खाडीत पोहलेला. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. दहावीला इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात, ते आहेत. पण एका संस्थेतल्या मुलाखतीत त्याला इंग्रजीतून स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. दोन वाक्यांनंतर तो अडखळला आणि ‘इंग्लिश सुधारून ये’ म्हणून त्याला परत पाठवलं. तेव्हापासून खचलाय.

ज्याला डेकवर गंज खरवडायचा, रंग मारायचा, दोर ओढायचे, त्याला इंग्रजी संभाषण कशाला हवं? आपल्या रत्नागिरीकडचे सारंग-टिंडल (खलाशांचे मुकादम) पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्या बोटींवर गेले, त्यांना कुठे इंग्रजी येत होतं? आंतरराष्ट्रीय नियमात खरंच असं काही आहे, की गावाकडच्या मुलांना गाळायची ही चाळणी आहे? मला तरी चाळणीच वाटते.

कट्टेकर

चाळणीच. +१

जहाजवाला

मनोहरराव, सध्या सुट्टीवर घरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी चीफ ऑफिसर आहे, डेकवरची पोरं माझ्याच हाताखाली असतात.

नियम आहे. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात, २००२ पासून लागू झालेल्या सुधारित मसुद्यात, नियम १४. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली: प्रत्येक जहाजाने एक कामकाजाची भाषा ठरवायची आणि लॉगबुकात तशी नोंद करायची. ती कोणती हे कंपनी किंवा कॅप्टन ठरवतो. इंग्रजीच हवी असं तिथे लिहिलेलं नाही. जहाजावरच्या प्रत्येकाला ती भाषा समजली पाहिजे, आणि कामाच्या गरजेप्रमाणे त्या भाषेत हुकूम देता आले पाहिजेत, उलट खबर देता आली पाहिजे. दुसरी: एका जहाजाच्या ब्रिजवरून (जिथून जहाज चालवतात तिथून) दुसऱ्या जहाजाशी किंवा किनाऱ्याशी सुरक्षेबद्दल बोलताना, तसंच पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढणारा माणूस) आणि ब्रिजवरच्या लोकांमध्ये, इंग्रजी वापरायची. बोलणाऱ्या सगळ्यांना दुसरी एखादी सामाईक भाषा येत असेल तर तिच्यात बोललं तरी चालतं.

म्हणजे कोरियन जहाजावर सगळे कोरियन असतील तर ते आपसात कोरियनच बोलतात आणि ते नियमात बसतं. आपली मुलं जातात ती बहुतेक मिश्र क्रूच्या जहाजांवर. कॅप्टन युक्रेनचा, चीफ इंजिनियर पोलंडचा, बोसन फिलिपिनो, कुक गोव्याचा. तिथे इंग्रजीशिवाय दुसरी भाषा कुठून आणणार?

आता ‘दोर ओढणाऱ्याला इंग्रजी कशाला’ याबद्दल. मनोहरराव, दोर ओढणाऱ्यालाच सगळ्यात जास्त लागते. मूरिंग (जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं) चालू असतं, तुम्ही फोक्सलवर (नाकाकडच्या डेकवर) विंचजवळ (दोर ओढायच्या यंत्राजवळ) उभे असता, वारा कानात घोंघावतोय, वॉकीटॉकी खरखरतेय. ब्रिजवरून हुकूम येतो ‘स्लॅक अवे’ किंवा ‘हीव अवे’. पहिला शब्द वाऱ्यात गेला की कानावर फक्त ‘अवे’ येतं. एकात दोर सैल सोडायचा, दुसऱ्यात ओढून घ्यायचा. ताणलेला दोर तुटला तर उलटा येतो आणि वाटेत सापडलेल्या माणसाचे पाय मोडतो, जीवही घेतो. म्हणून आमच्याकडे हुकूम मोठ्याने परत म्हणून दाखवल्याशिवाय लिव्हरला कुणी हात लावायचा नाही.

तुमच्या भाच्याला लागणारी इंग्रजी ती ही. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ची नाही. ती मुलाखत घेणाऱ्याने चुकीची गोष्ट तपासली, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुप्रिया_नेरूळ

जहाजवाला यांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. मी एका प्रशिक्षण संस्थेत मरीटाइम इंग्लिश शिकवते. मराठी, हिंदी, भोजपुरी, तमिळ अशा सगळ्या माध्यमांतली मुलं येतात.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये ठरीव वाक्प्रयोगांचा एक संच मंजूर केला, त्याला एसएमसीपी म्हणतात. त्याआधी १९७७ पासून एक छोटा शब्दसंग्रह होता. हा संच मुद्दाम सोपा ठेवलेला आहे. व्याकरण कमी, वाक्यं आखूड, एका अर्थाला एकच शब्द. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द टाळायचे, कारण ‘मे आय एंटर’ हे कुणाला विचारणं वाटतं तर कुणाला सांगणं. रेडिओवर वाक्याआधीच जाहीर करायचं की हा प्रश्न आहे, सूचना आहे, इशारा आहे की विनंती. ‘क्वेश्चन. व्हॉट इज युवर पोझिशन?’ असं.

आकडे सुटे म्हणायचे. जहाजाची दिशा (कोर्स) १५० अंश असेल तर ‘वन फाइव्ह झीरो’. फक्त सुकाणूच्या कोनाला ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’ असं अख्खं म्हणतात. मुलं विचारतात, मॅडम, फिफ्टीन आणि फिफ्टी यात गोंधळ नाही का होणार? तर सुकाणू साधारण ३५ अंशांपर्यंतच वळतं, ५० अंशांचा हुकूम येऊच शकत नाही. हे कळलं की त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना हे सहज जमतं. फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या शहरी मुलांनाच मी जास्त ओरडते. त्यांना हुकूम तसाच्या तसा परत म्हणायचा कंटाळा असतो, ते ‘येस सर, ओके सर’ म्हणून मोकळे होतात.

मनोहर_गुहागर

सुप्रियाताई, जहाजवाला, दोघांचेही आभार. हे त्या मुलाखतीत कुणी सांगितलं असतं तर पोरगा असा हिरमुसून परत आला नसता. पण मग ‘हुकूम समजला पाहिजे’ हे कोण तपासतं? सगळं कागदावरच तर नाही ना?

इंजिनरूम_खालून

कागदावरच. माझा अनुभव तरी तोच. भरती करणाऱ्याकडे संगणकावर टेस्ट असते, पर्याय निवडायचे. एकाने पेपर सोडवला की उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. प्रमाणपत्रावर ९० टक्के, आणि खाली पर्जिंग करताना ‘व्हॉल्व्ह बंद कर’ सांगितलं तर माणूस उघडतो.

आमच्या खात्यात आणखी एक गंमत आहे. इंजिन चालू असताना कान झाकलेले असतात, बोलणं ऐकूच येत नाही. सगळं हातवारे आणि टॉर्चवर चालतं. तिथे बोली इंग्रजीपेक्षा वाचायची जास्त लागते: मॅन्युअल, अलार्मची पाटी, रसायनाच्या कॅनवरची सूचना. इंजिनियर अधिकाऱ्यांसाठी एसटीसीडब्ल्यूमध्ये (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात) तेच लिहिलंय, तांत्रिक पुस्तकं वापरण्यापुरती आणि काम करण्यापुरती इंग्रजी. ऑइलर-वायपरचं वाचन मात्र कुणी तपासत नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

इंजिनरूमवाले, कागदी परीक्षेबद्दल तुमचं बरोबर आहे. पण म्हणून नियमच कागदी आहे असं म्हणू नका. या नियमामागे माणसं मेलेली आहेत.

७ एप्रिल १९९०. स्कँडिनेव्हियन स्टार ही प्रवासी फेरी ओस्लोहून डेन्मार्कमधल्या फ्रेडरिक्सहावनला चालली होती. रात्री आग लागली, दीडशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. जहाज त्या मार्गावर नुकतंच आणलेलं, क्रू बराचसा नवा. बऱ्याच कर्मचाऱ्यांना इंग्रजीही येत नव्हती, नॉर्वेजियन नाही आणि डॅनिशही नाही. प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगता येईना, आपसात आग विझवायची पथकं उभी करता येईनात. मी त्या काळात सेकंड मेट होतो. ती बातमी आली तेव्हा आमच्या मेसमध्ये कुणी जेवलं नाही.

त्यानंतरच्या काही वर्षांत सगळे नियम कडक झाले. आयएसएम कोड (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली) १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्यात कंपनीवर जबाबदारी टाकली: सुरक्षेची माहिती कर्मचाऱ्यांना समजेल त्या भाषेत दिली पाहिजे आणि कर्मचाऱ्यांना एकमेकांशी नीट बोलता आलं पाहिजे. २०१० च्या मनिला सुधारणांनी एसटीसीडब्ल्यूमध्येही हेच पक्कं केलं. मनोहरराव, ही जबाबदारी कंपनीवर आहे हे लक्षात घ्या. खलाशाला भाषा येत नसेल तर त्याला शिकवायचं, किंवा त्याला कळेल अशी व्यवस्था करायची, हे कंपनीचं काम. नियम वाचून सगळा भार गरिबाच्या पोरावर टाकणारे मला अजिबात पटत नाहीत.

आणि तपासणी होते. पोर्ट स्टेट कंट्रोलचा (परदेशी जहाजं तपासणाऱ्या बंदराच्या देशाच्या यंत्रणेचा) निरीक्षक गँगवे चढून आला की फायर ड्रिल घ्यायला लावतो. प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवतो आणि एखाद्या ओएसला (साध्या खलाशाला) विचारतो, ‘तुझं मस्टर स्टेशन (आणीबाणीत जमायची जागा) कुठे? हा पंप चालू करून दाखव.’ मुख्य कर्मचाऱ्यांना एकमेकांशी बोलता येत नाही असं दिसलं तर सखोल तपासणीला तेवढं कारण पुरतं.

कट्टेकर

कॅप्टनसाहेब, मग ते इटलीचं प्रवासी जहाज, कोस्टा कॉन्कॉर्डिया? तिथे तर कॅप्टननेच जहाज खडकाजवळून नेलं. भाषेचा काय संबंध?

दर्यावर्दी_निवृत्त

मुख्य दोष कॅप्टनचाच, न्यायालयानेही त्यालाच शिक्षा दिली. १३ जानेवारी २०१२, ३२ माणसं गेली. पण तपास अहवालातला भाषेचा भाग वाचण्यासारखा आहे. कामकाजाची भाषा इटालियन, चाकावर इंडोनेशियन सुकाणूवाला, त्याला हुकूम इंग्रजीत दिले जात होते. कॅप्टन ३५० म्हणाला, सुकाणूवाल्याने ३४० म्हणून परत सांगितलं, मग ते दुरुस्त करावं लागलं. शेवटच्या क्षणी डावीकडे वळवायचा हुकूम असताना चाक आधी उजवीकडे गेलं. तज्ज्ञांनी सांगितलं की तेव्हा धडक टळणारच नव्हती. म्हणून मी त्या सुकाणूवाल्याला दोष देत नाही. ज्याला इटालियनही नीट कळत नाही आणि इंग्रजीही अर्धवट कळते, अशा माणसाला तिथे उभा कुणी केला, हा माझा प्रश्न आहे.

आरमार

विषय आवडीचा निघाला, त्यामुळे थोडं मागे जातो. मनोहररावांच्या सारंगांच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी रत्नागिरी आणि गुजरात किनाऱ्यावरचे असत, खानपान विभागात गोव्याची माणसं. त्यांना इंग्रजी येत नव्हती हे खरं. पण मग काम कसं चालायचं? गोरे अधिकारीच हिंदुस्थानी शिकत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्यासाठी जहाजी शब्दांचे कोश आणि वाक्यांची पुस्तकं छापली जात होती. अधिकारी सारंगाला सांगणार, सारंग आपल्या माणसांना. सारंग बहुधा आपल्याच गावातली, नात्यातली माणसं घेऊन यायचा, त्यामुळे खालची भाषा एकच. त्या मिश्र बोलीतले ‘हबेस’ (वर ओढा) आणि ‘आरिया’ (खाली सोडा) हे हुकूम मुंबई गोदीत क्रेनखाली अजूनही ऐकू येतात.

दुसरं, भाषेची अट नेहमी सुरक्षेसाठीच आली असं नाही. ब्रिटनच्या १९०६ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात परदेशी खलाशांना इंग्रजी समजण्याची अट घातली, तेव्हा रोख चिनी खलाशांवर होता. लास्करांना, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांना, त्यातून वगळलं, कारण ते कंपन्यांना स्वस्तात हवेच होते. अमेरिकेच्या १९१५ च्या सीमेन्स अ‍ॅक्टमध्ये प्रत्येक खात्यातल्या ७५ टक्के खलाशांना अधिकाऱ्यांचे हुकूम समजले पाहिजेत, असं कलम आलं. सुरक्षेचं कारण खरं होतं, टायटॅनिकला जेमतेम तीन वर्षं झाली होती. पण पॅसिफिकमधल्या बोटींवरचे चिनी खलाशी हटवायचे हाही हेतू त्यात उघड होता. ते कलम अमेरिकेच्या कायद्यात आजही आहे.

त्यामुळे मनोहररावांना ‘चाळणी’ची शंका येते ती अगदीच निराधार नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

आरमार, इतिहास उत्तम मांडलात. पण सारंग-पद्धतीचं फार कौतुक नको. सगळा संवाद एका माणसाच्या तोंडून चालतो. तो बेशुद्ध पडला किंवा धुरात अडकला, की अधिकारी एकीकडे आणि चाळीस माणसं दुसरीकडे. शिवाय पगार, तक्रार, आजारपण, सगळं सारंगामार्फत. ज्याच्याशी सारंगाचं वाकडं त्याचं ऐकणारं कुणी नसायचं. आज साधा ओएस थेट कॅप्टनच्या केबिनचं दार ठोठावून दोन वाक्यं बोलू शकतो. मोडक्या इंग्रजीत का होईना, स्वतः बोलतो.

आरमार

हे मान्य. तक्रारीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

मालवणी_मुलगा

एक अवांतर प्रश्न. जुन्या काळी ‘स्टारबोर्ड’ म्हटलं की जहाज डावीकडे वळायचं असं ऐकलं होतं, खरं आहे का?

जहाजवाला

खरं आहे. तेव्हा हुकूम टिलरचा (सुकाणू फिरवायच्या दांड्याचा) असायचा. टिलर उजवीकडे ढकलला की जहाजाचं नाक डावीकडे जातं. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. आता स्टारबोर्ड म्हणजे चाकही उजवीकडे, सुकाणूही उजवीकडे, नाकही उजवीकडे.

निशिगंध_म्हापसा

मी क्रूझवर केबिन स्टुअर्डेस होते, तिथलं सांगते. आमच्या गोव्यातले पुष्कळ जण या कामात आहेत.

प्रवासी जहाजावर नियम आणखी वेगळा आहे. प्रवाशांना थेट सेवा देणाऱ्यांना आणीबाणीत प्रवाशांशी संवाद साधता आला पाहिजे. त्या मार्गावर मुख्यतः कुठल्या देशाचे प्रवासी आहेत त्यांची भाषा, निदान सोपी इंग्रजी. आणि नियमातच पुढे लिहिलंय की भाषा जुळली नाही तर हातवारे करून, खुणेने, बोट दाखवून मस्टर स्टेशन, लाइफजॅकेट, बाहेरची वाट दाखवता आली पाहिजे. मला ट्रेनिंगमध्ये हे वाचून फार बरं वाटलं होतं. ज्याने हा मजकूर लिहिला त्याला घाबरलेल्या माणसाची कल्पना होती.

एकदा ड्रिलला एक वृद्ध इटालियन जोडपं केबिनमधून बाहेरच येईना. मला इटालियनमध्ये ‘सुप्रभात’पलीकडे काही येत नव्हतं. मी लाइफजॅकेट स्वतः घातलं, पट्टा ओढून दाखवला, आजींचा हात धरला आणि जिन्याकडे बोट केलं. दोघंही आले. अंधार असता, धूर असता तर हे जमलं नसतं हेही कळतं. म्हणूनच प्रत्येक डेकवर प्रवाशांची भाषा येणारा निदान एक माणूस हवाच, असं मला वाटतं. हाताच्या खुणा दिसायला उजेड लागतो.

इंजिनरूम_खालून

निशिगंधताई, छान लिहिलंत. खुणा दिसायला उजेड लागतो हे आमच्याकडेही तंतोतंत लागू. ब्लॅकआउट झाला की आधी आवाज बंद होतो आणि मग अचानक सगळेच बोलायला लागतात.

बाल्टिमोरकर

ब्लॅकआउटवरून आठवलं. मी मेरीलँडमध्ये राहतो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे डाली हे जहाज बाल्टिमोरच्या ‘की ब्रिज’ या पुलाला धडकलं, तेव्हा त्यावर २१ जणांचा क्रू होता, त्यातले २० भारतीय आणि १ श्रीलंकेचा. वीज गेल्यावर जहाजावरच्या पायलटने किनाऱ्याला कळवलं, आणि पोलिसांनी पुलावरची वाहतूक थांबवली. तो निरोप पोहोचणं आणि पूल पडणं यात अगदी थोडा वेळ होता. पुलावर काम करणारे ६ मजूर वाचू शकले नाहीत, पण गाड्या अडवल्या गेल्या. ते मजूर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले होते, हे इथे सगळ्यांना फार लागलं.

नंतर इथल्या काही जणांनी समाजमाध्यमांवर भारतीय क्रूबद्दल अतिशय घाणेरडी व्यंगचित्रं टाकली, ‘यांना इंग्रजी तरी येते का’ वगैरे. मला प्रचंड चीड आली होती. क्रूची इंग्रजी व्यवस्थित होती, बिघाड विजेचा होता. ती मुलं त्यानंतर किती तरी आठवडे त्याच जहाजावर अडकून होती.

सुप्रिया_नेरूळ

बाल्टिमोरकर, ती व्यंगचित्रं आमच्या विद्यार्थ्यांनीही पाहिली होती. वर्गात त्या दिवशी धडा बाजूला ठेवून त्यावरच बोललो.

याच्या उलट उदाहरण म्हणून मी कॉस्को बुसान शिकवते. ७ नोव्हेंबर २००७, सॅन फ्रान्सिस्को, दाट धुकं. पायलट अमेरिकन, कॅप्टन चिनी. इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ काय, यावर दोघांत नीट उलगडाच झाला नाही आणि जहाज बे ब्रिजच्या खांबाला घासलं. दोन लाख लिटरच्या आसपास इंधन तेल खाडीत गेलं. पायलटच्या औषधांचा परिणाम हे तपासातलं मोठं कारण होतं, पण निघण्याआधी पायलट आणि कॅप्टनमध्ये पुरेशी बातचीत झाली नाही हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवलंय. कॅप्टनला शंका आली असती तरी ती बोलून दाखवण्याइतकी इंग्रजी आणि धीर, दोन्ही हवेत. आपली मुलं शब्द पाठ करतात, पण ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ हे वरिष्ठांना म्हणताना त्यांची जीभ अडते. मी वर्गात ‘से अगेन’ हे दोन शब्द सगळ्यात जास्त वेळा म्हणवून घेते.

जहाजवाला

याला जोडून पायलटांचं सांगतो. फ्रान्समध्ये पायलट टगशी (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटीशी) फ्रेंचमध्ये बोलतो, चीनमध्ये चिनीत. ब्रिजवर आम्ही नुसते बघत राहतो. आणि आपल्याकडे न्हावा शेव्यात पायलट टगशी हिंदीत बोलतो तेव्हा परदेशी कॅप्टनचीही तीच गत होते. पायलटांसाठीच्या आंतरराष्ट्रीय ठरावात सांगितलंय की ब्रिजवर न कळणाऱ्या भाषेत बाहेर कुणाशी बोललात, तर शक्य तितक्या लवकर ते ब्रिजवर समजावून सांगा. चांगले पायलट सांगतात. बाकीच्यांना मी विचारतो. कुणाला राग आला तरी विचारतो.

कट्टेकर

मी वर ‘+१’ म्हणून मोकळा झालो होतो, पण वाचतोय सगळं. भारी धागा.

मनोहर_गुहागर

मंडळी, भाच्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. ‘स्लॅक अवे’चा किस्सा त्याने दोनदा वाचायला लावला. आता दोन व्यावहारिक प्रश्न. एक, घरी तयारी कशी करावी? दोन, पनवेलला एक एजंट भेटलाय. म्हणतो कोर्सची गरज नाही, इंग्रजीचं सर्टिफिकेट आणि जहाज दोन्ही मिळवून देतो, आधी पैसे भरा. काय करावं?

दर्यावर्दी_निवृत्त

दुसऱ्याचं उत्तर आधी. त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. भारतात खलाशांची भरती करायला आरपीएसएल परवाना लागतो, परवानाधारकांची यादी नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. ‘कोर्सची गरज नाही’ असं जो म्हणतो तो तुमच्या पोराला कुठल्या तरी भंगार जहाजावर परदेशी बंदरात सोडून देईल. अशी अडकलेली मुलं मी पाहिलीत, त्यांच्या आईबापांचे फोन घेतलेत. कळकळीने सांगतो, यात पडू नका. कोर्सची संस्थाही महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीतलीच बघा.

सुप्रिया_नेरूळ

पहिल्याचं मी सांगते. एसएमसीपीचा मजकूर इंटरनेटवर सहज मिळतो. त्यातले सुकाणूचे, इंजिनाचे, मूरिंगचे आणि आगीचे हुकूम एवढंच घ्या. तुम्ही मोठ्याने हुकूम द्या, तो तसाच परत म्हणेल, मग करून दाखवेल. पंखा फुल्ल लावा, टीव्ही चालू ठेवा, पाठ करून उभं राहा. गोंगाटात ऐकायची सवय लागली पाहिजे. रेटिंगला ब्रिजवरच्या वॉचसाठी (पाळीसाठी) इंग्रजीत सुकाणूचे हुकूम समजून पाळता आलेच पाहिजेत, त्याची तयारीही यातच होते. पुढच्या मुलाखतीत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं तर नाव, गाव, शिक्षण, वेल्डिंग येतं, पोहता येतं, अशी पाच आखूड वाक्यं पुरतात. संस्थेत आला तर मला इथेच निरोप टाका.

नाखवा_हर्णै

धागा मोठ्या बोटींचा आहे, पण माझंही ऐका. आमच्या मच्छीमार नौकेवर तांडेल (नौकेचा म्होरक्या) आमचा, चार खलाशी नेपाळचे, दोन उत्तर प्रदेशचे. मोडक्या हिंदीत काम चालतं. खरी पंचाईत रात्री होते. जाळं टाकलेलं असतं आणि समोरून मोठं जहाज सरळ आमच्यावर येतं. व्हीएचएफ रेडिओवर काय बोलायचं? ते इंग्रजीत काहीतरी विचारतात, आम्ही मराठीत ओरडतो. गेल्या हंगामात एका जहाजाने शेजारच्या नौकेचं जाळं तोडून नेलं. आम्हा लोकांसाठी कुणी कोर्स काढत नाही.

जहाजवाला

नाखवा, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे. ब्रिजवर उभा राहून तुमचे दिवे बघणारा मीच असतो, म्हणून सांगतो.

रेडिओच्या आधी दिवे. ट्रॉलिंग करत असाल तर हिरव्याखाली पांढरा, इतर मासेमारीत तांबड्याखाली पांढरा. या दुसऱ्या प्रकारात जाळं आडवं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. हे दिवे लागलेले असतील आणि आजूबाजूला दहा हॅलोजन झगमगत नसतील तर आम्हाला तुमचं काम कळतं. हॅलोजनमध्ये हे दिवे बुडून जातात.

जहाज अंगावर येतंय आणि वळत नाहीये असं वाटलं तर हॉर्नच्या पाच किंवा जास्त आखूड शिट्ट्या, भराभर. जोडीला टॉर्चचे तसेच झटके द्या. हा इशारा जगभर एकच आहे, फिलिपिनो असो की रशियन, कळतो.

मग चॅनेल १६. तुमची जागा सांगा आणि ‘फिशिंग बोट. नेट अहेड. कीप क्लियर’ एवढं पुरे. हिंदी येणारा समोर असेल तर खुशाल हिंदीत बोला, वर लिहिलंय तसं सामाईक भाषा नियमात बसते. जिवावरचं संकट असेल तर ‘मेडे’ तीन वेळा, नौकेचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

सुप्रिया_नेरूळ

नाखवा, कोर्स नाही ही तक्रार रास्त आहे. मासेमारी बंदीच्या काळात, जून-जुलैमध्ये, हर्णैला एक दिवस यायला मी तयार आहे. सोसायटीच्या सभागृहात फळा असला तरी चालेल. जहाजवाला, तुम्ही तेव्हा किनाऱ्यावर असाल का?

जहाजवाला

जूनपर्यंत आहे. येतो.

नाखवा_हर्णै

ताई, सभागृह आहे, फळा शाळेतून आणू. सोसायटीच्या चेअरमनशी बोलून तारीख टाकतो इथे. दिव्यांचं सांगितलंत ते बरं केलं. आमचा तांबडा दिवा आहे, हॉर्न मात्र बिघडलाय. उद्या दापोलीला नेतो.